ड्राइव्हचं अक्षर डिस्कवर नसतंच

मार्चअखेरीस दादर-परळच्या हिशेबनिसांच्या ऑफिसांत हमखास येणारी तक्रार: टॅलीचा बॅकअप काल ‘ई’ ड्राइव्हवर नीट गेला, आज तीच डिस्क ‘एफ’ दिसतेय आणि बॅकअप अडकलाय. लगेच डिस्क दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडला पाठवायची घाई होते. डिस्क मात्र ठणठणीत असते.

‘ई’ हे अक्षर त्या डिस्कवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते असतं तुमच्या कॉम्प्युटरच्या विंडोजमध्ये, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत. म्हणूनच ऑफिसातली ‘ई’ घरी ‘जी’ होते, आणि अक्षर बदललं तरी आतल्या फाइल्सना धक्का लागत नाही.

विंडोज २००० पासून हा कारभार माउंट मॅनेजर या विंडोजच्याच एका भागाकडे आहे. रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी लोकल मशीन’, मग ‘सिस्टिम’, त्याखाली ‘माउंटेड डिव्हाइसेस’ उघडा (बघा फक्त, हात लावू नका). प्रत्येक अक्षरापुढे काही बाइट दिसतील. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कसाठी ते नेमके १२ असतात. समजा, हेक्साडेसिमलमध्ये (दहाऐवजी सोळावर चालणाऱ्या अंकपद्धतीत) असं दिसलं:

३७ ५२ ९१ ६४ ०० ०० १० ०० ०० ०० ०० ००

पहिले चार बाइट म्हणजे डिस्कची सही, तिचा ओळख-आकडा. धाकटा बाइट आधी लिहायची रीत असल्याने उलटे वाचायचे: ६४९१५२३७. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये ती डिस्क निवडून ‘युनिकआयडी डिस्क’ दिलंत की हाच आकडा येतो. उरलेले आठ बाइट म्हणजे पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला तुकडा) कुठून सुरू होतं ते. उलटे वाचले की हेक्समधले १००००० मिळतात, म्हणजे १०,४८,५७६ बाइट, बरोबर १ एमबी. सही अधिक सुरुवात, एवढ्यावर विंडोज पार्टिशन ओळखते. नव्या जीपीटी पद्धतीच्या डिस्कला २४ बाइट लागतात: आठ ठरावीक खुणेचे, सोळा पार्टिशनच्या जीयूआयडीचे, म्हणजे त्याच्या एकमेव ओळखक्रमांकाचे. पेनड्राइव्हपुढे बहुधा उपकरणाच्या नावाची लांबलचक ओळ असते.

आता गोम अशी की एका अक्षराच्या नोंदीत मालक एकच मावतो. बॅकअपची डिस्क काढलेली असताना कुणी पेनड्राइव्ह लावला, तर मोकळं दिसणारं ‘ई’ त्याला मिळतं आणि जुनी नोंद पुसली जाते. जुन्या डिस्कची एसएसडीवर हुबेहूब नक्कल (क्लोन) करून दोन्ही डिस्क जोडून ठेवल्या तरी असाच घोळ: सही दोघींची एकच, म्हणून विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते. तिला ‘ऑनलाइन’ केलंत तर सही नवी लिहिली जाते आणि जुनी नोंद जुळत नाही.

उपाय सोपा आहे. बॅकअपच्या डिस्कला ‘पी’सारखं लांबचं अक्षर द्या, विंडोज मोकळी अक्षरं पुढून वाटत येते, तिथवर सहसा पोचत नाही. विंडोज आणि एक्स बटणं एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. डावीकडच्या ‘डिस्क १’ या चौकटीवर नव्हे, पार्टिशनच्या पट्टीवर राइट-क्लिक करा. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’, अक्षर निवडा, ओके. अक्षर राशीला जुळणारं हवं असा आग्रह असेल तर खुशाल धरा, माउंट मॅनेजरला सोयरसुतक नाही. ‘डी’वर ठेवलेला डेटा सुरक्षित, ही समजूतही त्याच माळेतली. ‘सी’ आणि ‘डी’ एकाच डिस्कचे तुकडे असतील तर डिस्क गेल्यावर दोन्ही जातात, आणि फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर अक्षर बघून थांबत नाही.

‘सी’च्या वाटेला जाऊ नका, डिस्क मॅनेजमेंट ते बदलूही देत नाही. ज्या ड्राइव्हवर प्रोग्राम इन्स्टॉल केलेत, तिचंही अक्षर तसंच राहू द्या, कारण रजिस्ट्रीत त्यांचे पूर्ण पाथ (पत्ते) अक्षरासकट असतात. ‘ए’ आणि ‘बी’ फ्लॉपीच्या जमान्यापासून राखीव समजली जातात, तीही टाळा. आणि अक्षर बदलल्यावर टॅलीत व बॅकअपच्या वेळापत्रकात नवा पाथ लगेच टाका. नाहीतर रात्रीचा बॅकअप ‘ई’च शोधत बसतो, आणि तिथे नेमका कुणाचा पेनड्राइव्ह असला तर त्याच्यावर जाऊन पडतो.