अंडाशय-अतिउद्दीपन लक्षणसमूह

टेस्ट ट्यूब बेबी उपचारात एकाच पाळीत अनेक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून दिलेल्या संप्रेरकांच्या इंजेक्शनांना अंडाशयांनी प्रमाणाबाहेर प्रतिसाद दिल्यास उद्भवणारी गुंतागुंत. डॉक्टर तिला ‘ओएचएसएस’ म्हणतात. स्त्रीबीजे पक्व करणाऱ्या एचसीजी या संप्रेरकाच्या ‘ट्रिगर’ इंजेक्शनानंतर सुजलेल्या अंडाशयांतून व्हीईजीएफ हे द्रव्य स्रवते, केशवाहिन्या झिरपू लागतात आणि रक्तातील पाणी पोटात, कधी फुप्फुसांभोवतीही साचते; पोट असे भरत असताना रक्त मात्र दाट होते, लघवी कमी होते आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

पीसीओएस (अंडाशयांत अनेक छोट्या पुटिका दिसणारा संप्रेरक-विकार) असलेल्या आणि तरुण स्त्रियांना हा धोका अधिक असतो. त्यांच्यासाठी अँटागोनिस्ट पद्धत (स्त्रीबीज अवेळी सुटू न देणारे औषध) वापरणे, एचसीजीऐवजी शरीराच्याच संप्रेरकाला चालना देणाऱ्या अ‍ॅगोनिस्टचा ट्रिगर देणे आणि सर्व भ्रूण गोठवून रोपण पुढे ढकलणे हे खरे प्रतिबंधक उपाय होत. कारण गर्भ राहिल्यास त्याचेच एचसीजी हा त्रास वाढवते आणि लांबवते. आशेने आलेल्या जोडप्याला हे थांबणे जड जाते, म्हणून ते आधीच समजावून सांगायला हवे.

मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. आज विरार-बदलापूरहूनही स्त्रिया या उपचारासाठी लोकलने शहरात येतात. लक्षणे बहुधा घरी परतल्यावर सुरू होतात आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणून अंगावर काढली जातात. परकराची नाडी रोजच्या गाठीवर बसेनाशी होणे ही पहिली खूण असू शकते. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करावे, बेंबीवरून टेपने पोट मोजावे, लघवीकडे लक्ष ठेवावे. दिवसात किलोभर वजन वाढले, धाप लागली किंवा उलट्या थांबेनात, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. एका बाजूला अचानक तीव्र कळ आल्यास अंडाशयाला पीळ पडल्याची शंका घ्यावी.

सौम्य त्रासात तहानेनुसार पाणी पिणे आणि पॅरासिटामॉल पुरते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या टाळतात. हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) 45 टक्क्यांपलीकडे गेल्यास दाखल करून सलाइन, गरजेनुसार अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन आणि गुठळ्या रोखणारे हेपॅरिन देतात. लघवी होत नाही म्हणून लघवीचे औषध देणे घातक ठरते, कारण आधीच दाट झालेले रक्त त्याने आणखी दाटते. उलट सोनोग्राफीच्या आधाराने पोट ताणणारे पाणी काढले की लघवी पुष्कळदा आपोआप वाढते.

बीजदात्या स्त्रियांनाही हाच धोका संभवतो. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि उपचार घेणाऱ्या जोडप्याने तिचा 12 महिन्यांचा विमा उतरवणे बंधनकारक आहे.