अकरावीत मार्क कमी का पडले, हे अर्जात कुठे लिहायचं?

"अकरावी कोण बघतं?" घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत कुठल्याही क्लासमध्ये हे ऐकायला मिळतं. इथल्या प्रवेशापुरतं ते बहुतेक खरंही आहे. पण अमेरिकेतली विद्यापीठं सहसा नववी ते बारावी, चारही वर्षांचे गुण मागतात. घरात आजारपण किंवा मृत्यू झालेलं वर्ष नेमकं अकरावीचं निघालं, की मुलं घाबरतात आणि सगळी कहाणी अर्जातल्या मुख्य निबंधात कोंबतात.

तसं करू नका. कॉमन ॲपवर, म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना एकाच फॉर्मने अर्ज करायच्या वेबसाइटवर, २०२५-२६ पासून त्यासाठी 'चॅलेंजेस अँड सर्कमस्टान्सेस' हा वेगळा रकाना आहे. ऐच्छिक, २५० शब्दांचा. काय झालं, कोणत्या महिन्यांत झालं, अभ्यास किती बुडाला, पुढे कसा सावरला, एवढं पुरे. बाकी फॉर्म सोपा आहे.

ब्रिटनच्या विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात त्या यूकासमध्ये मात्र ही बाजू शिक्षकांच्या रेफरन्समध्ये, म्हणजे शिफारसपत्रात, मांडायची असते. त्याचा दुसरा भाग खास त्यासाठीच आहे. आपल्याकडचे सर 'विद्यार्थी हुशार, वर्तणूक चांगली' लिहून तो भाग कोरा सोडतात, कारण घरी काय झालं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. संकोच सोडा आणि तारखांसह एक पान लिहून त्यांच्या हातात द्या.

कारण आपल्या हाताबाहेरचं हवं: स्वतःचं आजारपण, घरातला मृत्यू, आईवडिलांची नोकरी जाणं, घरच्या रुग्णाचं करणं. पेपर कठीण होता, सर शिकवत नव्हते, हे चालत नाही. (एकाने ट्रान्सहार्बर लोकल रोज लेट असते असंही लिहून आणलं होतं.)

पुरावा अर्जासोबत दरवेळी लागत नाही, पण विद्यापीठाने मागितला तर हाताशी हवा. डिस्चार्ज कार्ड असतं, महापालिकेचा मृत्यूचा दाखला मिळतो. घोडं अडतं ते नोकरी गेल्याच्या कागदावर. एका मुलीच्या वडिलांना कारखान्याच्या गेटवरच "उद्यापासून येऊ नका" सांगितलं होतं. असल्या निरोपाचं पत्र कोण देतं? शेवटी उमंग ॲपवर त्यांचं पीएफचं पासबुक उघडलं. ऑगस्टपर्यंत दर महिन्याला रक्कम जमा, सप्टेंबरपासून काहीच नाही. तिची सहामाही ऑक्टोबरात होती. त्या पासबुकाची प्रिंट आणि पगार येणं थांबलेलं बँक स्टेटमेंट, दोन्ही जोडलं. तारखा जुळल्या, आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही.

आता मुदत. कॉमन ॲपवर रात्री ११:५९ म्हणजे तुमच्या गावचे ११:५९. "अमेरिकेत अजून दिवस आहे" म्हणत ठाण्यात निवांत बसलेल्यांची मुदत झोपेतच संपते. यूकासची वेळ मात्र ब्रिटनची: २०२६ च्या प्रवेशासाठी बहुतेक अभ्यासक्रमांची तारीख होती १४ जानेवारी, संध्याकाळी ६, म्हणजे आपल्याकडे रात्री ११:३०. पण त्या साडेअकरावरही विसंबू नका. रेफरन्स जोडल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि डिसेंबरात सर गॅदरिंग आणि प्रॅक्टिकलमध्ये अडकलेले असतात. त्यांना दिवाळीच्या सुट्टीआधीच गाठा.