मानवतावादी उपरोध, प्रबोधनकालीन

पंधराव्या-सोळाव्या शतकांत युरोपातील मानवतावादी (प्राचीन ग्रीक-लॅटिन विद्येचे पुरस्कर्ते) विद्वानांनी चर्चमधील अनाचार, पोकळ कर्मकांड आणि विद्यापीठांतील कोरडे धर्मशास्त्र यांवर केलेले उपहासात्मक लेखन. ते बहुतांशी लॅटिनमध्ये आहे. लेखक चर्चच्या बाहेरचे नव्हते, ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. पोज्जो ब्राच्चोलीनी पोपच्या दरबारात सचिव होता, तर डच विद्वान इरॅस्मस आणि फ्रेंच लेखक राब्ले या दोघांनीही धर्मदीक्षा घेतलेली होती. घर आतून माहीत असल्यामुळेच त्यांचा घाव नेमका बसे.

या लेखनाचा आदर्श ल्यूशन हा प्राचीन ग्रीक उपरोधकार. इरॅस्मस आणि त्याचा इंग्रज मित्र टॉमस मोर यांनी मिळून केलेले त्याच्या संवादांचे लॅटिन अनुवाद 1506 मध्ये पॅरिसला छापले गेले. 1509 मध्ये मोरच्या लंडनमधील घरी इरॅस्मसने ‘मूर्खतेची प्रशस्ती’ लिहिली. ती 1511 मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथाच्या ‘मोरिए एन्कोमिउम’ या लॅटिन नावात मोरच्या आडनावावर श्लेष आहे. यात खुद्द मूर्खता व्यासपीठावर उभी राहून आपलीच थोरवी गाते आणि आपल्या भक्तांची यादी वाचते. देवाने भोपळ्याचे रूप घेतले असते तर त्याने उपदेश कसा केला असता, यावर खल करणारे धर्मपंडित तिच्या यादीत आहेत. पैशाला शिवायचे नाही पण मद्य चालते, असे संन्यासी आहेत. पोपही सुटत नाहीत. बोलणारी मूर्खता असल्याने लेखकाला आडोसा मिळाला. तरीही लूव्हेनचा धर्मपंडित मार्टिन डॉर्प याने आक्षेप घेतलाच, आणि त्याला उत्तर देण्यासाठी मोरही पुढे सरसावला.

प्रतिपक्षाला स्वतःच्याच तोंडाने बोलू देण्याची ही युक्ती ‘अप्रसिद्ध माणसांची पत्रे’ (1515, 1517) या पुस्तकात सर्वांत धारदार झाली. यहुद्यांचे हिब्रू ग्रंथ जप्त करून नष्ट करावेत, अशी मोहीम योहानेस फेफरकॉर्नने कोलोनच्या डोमिनिकन संघाच्या संन्याशांच्या पाठबळावर चालवली होती. हिब्रूचा पंडित योहान रॉइखलिन याने तिला विरोध केला आणि त्याच्यावर पाखंडाचा खटला गुदरला. त्याच्या बाजूने क्रोटुस रुबेआनुस आणि उल्रिख फोन हुटेन यांनी निनावी रचलेली ही पत्रे. वरकरणी ती ऑर्टविन ग्राटिउस या कोलोनच्या विद्वानाला त्याच्या चाहत्यांनी लिहिलेली आहेत. त्यांचे लॅटिन मुद्दाम मोडकेतोडके आहे. शुक्रवारी उपासाच्या दिवशी खाल्लेल्या अंड्यात पिल्लू निघाले, तर महापाप घडले का? चीजमधल्या अळ्या चालतात, मग पिल्लू का नाही? पत्रलेखक हे अगदी गंभीरपणे विचारतो. काही संन्याशांनी ही पत्रे आपल्या बाजूची समजून विकत घेतली, असे इरॅस्मसने नोंदवले आहे. भाषेची शुद्धता ही विचाराच्या शुद्धतेची खूण आहे, ही मानवतावाद्यांची श्रद्धा इथे हत्यार बनली.

पोप दहाव्या लिओने 1517 मध्ये पत्रांचा निषेध केला आणि 1520 मध्ये रोमचा निकाल रॉइखलिनच्या विरोधात गेला. फ्रान्समध्ये राब्लेने हीच परंपरा ‘पांताग्रुएल’ (1532) आणि ‘गारगांत्युआ’ (1534) मधून फ्रेंच भाषेत नेली. सोर्बोनच्या (पॅरिस विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाच्या) पंडितांनी त्या ग्रंथांना दोषी ठरवले. 1559 च्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत पोप चौथ्या पॉलने इरॅस्मसचे सर्व लेखन घातले.

उपरोधकारांना चर्च सुधारायचे होते. ते मोडायला सगळे तयार नव्हते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने रोमन चर्चविरुद्ध केलेल्या बंडानंतर त्यांच्यात फूट पडली. इरॅस्मसने 1524 मध्ये इच्छास्वातंत्र्याच्या प्रश्नावर ल्यूथरला विरोध केला. ‘पत्रां’च्या दोन लेखकांपैकी हुटेन ल्यूथरच्या बाजूने लढला आणि 1523 मध्ये झुरिक सरोवरातील उफेनाउ बेटावर आश्रित म्हणून वारला. क्रोटुस रोमन चर्चकडे परतला.