सात वर्षे की चौदा? श्रद्धेच्या संगोपनामागचा जुना वाद

दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याने सुरू झालेली श्रद्धा पक्की करणारा संस्कार, झाला की मुले चर्चमध्ये दिसेनाशी होतात, ही तक्रार आज कॅथलिक, लूथरन, अँग्लिकन अशा सगळ्याच परंपरांमध्ये ऐकू येते. त्यावर सुचवले जाणारे उपायही ठरलेले असतात. कुणी म्हणते वय वाढवा, कुणी म्हणते कमी करा, कुणाला वर्ग दोन वर्षांचा हवा असतो. श्रद्धा आयुष्यभर जोपासायची असते हे सर्वांनाच मान्य आहे. तरीही चर्चा फिरून फिरून मुलांच्या वयापाशी येते. ती तिथे का अडकते, याचे उत्तर बऱ्याच अंशी ८ ऑगस्ट १९१० रोजी रोममधून निघालेल्या, मुलांनी पहिले ख्रिस्तशरीर (प्रभुभोजनातली पवित्र भाकर) कोणत्या वयात घ्यावे हे सांगणाऱ्या एका आदेशात आणि त्याच्या अर्धवट अंमलबजावणीत सापडते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. पहिल्या शतकांत श्रद्धेचे शिक्षण हे मुख्यतः मोठ्या माणसांचे शिक्षण होते. तिसऱ्या शतकातली म्हणून ओळखली जाणारी एक नियमावली दीक्षार्थ्याने, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्याने, तीन वर्षे वचन ऐकावे असे सांगते आणि लगेच पुढे म्हणते की माणूस मनापासून झटत असेल तर मुदत न पाहता वर्तन पाहावे. बाप्तिस्म्यापूर्वी त्याची चौकशी होई. विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, असे ते प्रश्न असत. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये ईस्टरला बाप्तिस्मा झाल्यावर पुढचा आठवडाभर नव्या ख्रिस्ती लोकांना संस्कारांचा अर्थ समजावून सांगितला जाई. म्हणजे शिकवण बाप्तिस्म्यापाशी संपत नव्हती.

पुढे बालकांचा बाप्तिस्मा हीच रीत झाली आणि ही व्यवस्था विरत गेली. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी बाप्तिस्मा, तैलाभ्यंग (पश्चिमेत यालाच दृढीकरण म्हणतात) आणि ख्रिस्तशरीर हे तिन्ही तान्ह्या बाळाला एकत्रच देण्याची पद्धत ठेवली, ती आजही चालू आहे. पश्चिमेत अभ्यंगाचा अधिकार बिशपांकडे राहिला. धर्मप्रांत मोठे, प्रवास अवघड. बिशप येतील तेव्हा दृढीकरण, असे होता होता तीन संस्कारांमध्ये वर्षांचे अंतर पडले.

१२१५ मध्ये रोममध्ये भरलेल्या लॅटरन या चर्च-परिषदेने ठरवले की ‘समज येण्याच्या वयाला’ पोहोचलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा पापनिवेदन (धर्मगुरूंपाशी पापांची कबुली) करावे आणि निदान ईस्टरला तरी ख्रिस्तशरीर स्वीकारावे. समज येण्याचे वय म्हणजे नेमके किती, हे त्यात आकड्यात सांगितले नव्हते. पुढच्या शतकांत त्याचे दोन अर्थ रूढ झाले. पापनिवेदनासाठी सात वर्षे पुरेत, पण प्रभूच्या मेजापाशी यायला बारा, कुठे चौदा, कारण त्यासाठी अधिक ज्ञान हवे, असे मानले जाऊ लागले. पवित्र गोष्टीची अवहेलना होऊ नये हा हेतू होता. परिणाम मात्र असा झाला की पाप करण्याइतके मोठे झालेले मूल कृपा स्वीकारण्यासाठी लहान ठरले. १९१० च्या आदेशात याचे एक टोक नोंदवले आहे. काही ठिकाणी मरणपंथाला लागलेल्या मुलांनाही शेवटचे ख्रिस्तशरीर दिले जात नसे आणि त्यांना तान्ह्या बाळांच्या विधीने पुरले जाई, त्यामुळे मृतांसाठीच्या प्रार्थनाही त्यांच्या वाट्याला येत नसत. हे वाचल्यावर त्या आदेशातली घाई समजते.

धर्मसुधारणेच्या बाजूला वाट वेगळी होती, पण मुक्काम जवळपास तोच. १५२५ मध्ये झुरिकमध्ये प्रौढांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि बालबाप्तिस्म्यावर थेट प्रश्नचिन्ह लागले. १५२९ मध्ये जर्मनीत आलेली छोटी प्रश्नोत्तरी, म्हणजे श्रद्धेची मूलतत्त्वे प्रश्नोत्तरांतून सांगणारे पुस्तक, कुटुंबप्रमुखाने घरात शिकवावी यासाठी लिहिली होती. पण घरातली ती जबाबदारी हळूहळू शाळेकडे आणि पाळकांकडे गेली. १५३९ मध्ये जर्मनीतल्या हेसेमध्ये दृढीकरणाची एक रीत ठरली. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने समजत्या वयात स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा, हे पुनर्बाप्तिस्मावाद्यांना दिलेले उत्तर होते. १७३६ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने दृढीकरण कायद्याने सक्तीचे केले, त्याशिवाय लग्नही करता येईना. साक्षरता वाढली, पण दृढीकरण म्हणजे बालपण संपल्याचा दाखला, ही समजूतही पक्की झाली.

याला छेद देणारा एक प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला. १७४२ मध्ये ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट या धर्मजागृतीच्या चळवळीच्या प्रार्थनागृहावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी बारा-बारा जणांचे गट केले गेले आणि प्रत्येक गटाच्या म्होरक्याने घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी गोळा करावी असे ठरले. पैसे घ्यायला गेलेल्या म्होरक्यांना माणसांचे खरे जगणे दिसले, कोण पितो, कुणाच्या घरात भांडण आहे ते कळले. मग वर्गणीचे गट हेच एकमेकांची आध्यात्मिक विचारपूस करणारे गट झाले. वयाची अट नाही, शेवटची परीक्षा नाही, दर आठवड्याला भेट. माझ्या मते श्रद्धा आयुष्यभर जपण्याचे पश्चिमेतले हे सर्वांत यशस्वी साधन होते. १७८० मध्ये ग्लॉस्टरमध्ये सुरू झालेल्या रविवारच्या शाळेला जगभर मिळालेली प्रसिद्धी त्याला मिळाली नाही. रविवारच्या शाळेने धर्मशिक्षण म्हणजे मुलांचे काम ही कल्पना आणखी घट्ट केली.

आता पुन्हा १९१० कडे. त्या आदेशाने दोन वयांचा भेद मोडून काढला. पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीर या दोन्हींसाठी समजेचे वय एकच, ते साधारण सातवे वर्ष, थोडे अलीकडे किंवा पलीकडे. पूर्ण धर्मज्ञानाची अट नाही. मुलाला आपल्या कुवतीप्रमाणे तारणासाठी आवश्यक सत्ये ठाऊक असावीत आणि साधी भाकर व ख्रिस्तशरीर यातला फरक त्याला कळावा, एवढे पुरे. निर्णय आईवडिलांनी आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी घ्यायचा. याला जोडूनच एक कलम होते, की मुलाने नंतर आपल्या बुद्धीच्या वाढीप्रमाणे संपूर्ण प्रश्नोत्तरी क्रमाक्रमाने शिकली पाहिजे.

विरोध विशेषतः फ्रान्समध्ये झाला. तिथे अकराव्या-बाराव्या वर्षीचे पहिले ख्रिस्तशरीर हा गावातला मोठा सोहळा होता आणि धर्मशिक्षणाचा शेवटही तोच. धर्मगुरूंचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. सोहळा सातव्या वर्षीच उरकला तर पुढची पाच वर्षे मुले वर्गाला येतील कशासाठी? अखेर तोड निघाली. लहान वयात साधेपणाने पहिले ख्रिस्तशरीर आणि अकरा-बाराव्या वर्षी बाप्तिस्म्याची वचने नव्याने म्हणण्याचा ‘गंभीर’ सोहळा. मेज लवकर खुले झाले, पण शेवटची रेषा जागची हलली नाही.

आदेशात दृढीकरणाबद्दल काहीच नव्हते, आणि पुढचा गुंता इथून सुरू झाला. जुना क्रम बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर असा होता. १८९७ मध्ये तेव्हाच्या पोपांनी फ्रान्समधल्या एका बिशपांना, दृढीकरण पहिल्या ख्रिस्तशरीराच्या आधी देत असल्याबद्दल शाबासकी दिली होती. १९१० नंतर ख्रिस्तशरीर सातव्या वर्षावर आले, दृढीकरण अनेक ठिकाणी मागेच राहिले आणि क्रम उलटा झाला. शेवटी आलेला संस्कार आपोआप निरोपाचा संस्कार बनला. मग त्याला साजेसे स्पष्टीकरणही आले, की हा प्रौढत्वाचा संस्कार आहे, यात मूल स्वतः निर्णय घेते. जुन्या पूर्वेकडच्या रीतीत, जिथे तान्ह्या बाळालाही हा संस्कार मिळतो, या स्पष्टीकरणाला कसलाच आधार नाही. १९१० वर खापर फोडणारे पुष्कळ आहेत. मला तो निर्णय योग्यच वाटतो. चुकले ते नंतर शिकत राहण्याच्या कलमाकडे झालेले दुर्लक्ष.

त्या कलमाकडे लक्ष जायला अर्धे शतक लागले. १९६२ मध्ये प्रौढ दीक्षार्थ्यांची टप्प्याटप्प्याची तयारी पुन्हा सुरू करायला रोमची परवानगी मिळाली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तिला बळ दिले आणि १९७२ मध्ये तिचा विधी प्रसिद्ध झाला. बाप्तिस्म्यानंतरचा शिकवणीचा काळ त्यात मुद्दाम ठेवला आहे. रोमच्या १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर प्रौढांचे धर्मशिक्षण हाच मुख्य प्रकार मानावा आणि बाकीचे त्याच्या अनुषंगाने असावेत, असे स्पष्ट म्हटले. निधी, शिक्षक आणि वेळापत्रक मात्र बहुतेक ठिकाणी मुलांकडेच राहिले. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा येथे अनेक पंथांनी मिळून तयार केलेल्या मजकुरानेही बाप्तिस्म्याचा संबंध ख्रिस्तामध्ये होणाऱ्या आयुष्यभराच्या वाढीशी जोडला.

वयाचा प्रश्न मात्र मोकळाच ठेवला गेला. १९८३ च्या कॅथलिक कायद्यात दृढीकरणासाठी समजेचे वय हाच नियम आहे, पण देशातल्या बिशपांच्या परिषदेला दुसरे वय ठरवण्याची मुभाही आहे. अमेरिकेत २००१ मध्ये समजेच्या वयापासून सुमारे सोळा वर्षांपर्यंत अशी ऐसपैस मर्यादा ठरली, त्यामुळे शेजारच्या दोन धर्मप्रांतांत सात-आठ वर्षांचे अंतर असू शकते. चर्च ऑफ इंग्लंडने २००६ च्या नियमांनी बाप्तिस्मा झालेल्या मुलांना दृढीकरणाआधी प्रभुभोजन घेण्याची वाट करून दिली.

काही कॅथलिक धर्मप्रांतांनी आता जुना क्रम परत आणला आहे. तिथे सात-आठ वर्षांच्या मुलांना एकाच उपासनेत आधी दृढीकरण आणि मग पहिले ख्रिस्तशरीर मिळते. अशा ठिकाणी नवव्या वर्षापासून पुढच्या धर्मशिक्षणाला कुठलाही संस्कार जोडलेला नसतो. तो वर्ग कोण चालवणार आणि त्यात आईवडिलांना कसे ओढून घेणार, याची आखणी वयाचा नवा नियम लागू होण्याआधी व्हायला हवी. बहुतेक ठिकाणी ती नंतर होते.