दवाखान्यातून स्वतःची वैद्यकीय कागदपत्रे मिळवण्यासाठी अर्ज : कोणी करावा, काय जोडावे आणि दवाखान्याने काय पाळावे

तालुक्याच्या गावातल्या दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये रुग्णाची माहिती एकाच जागी नसते. काउंटरवरच्या जाड रजिस्टरात नाव, वय, गाव आणि मोबाइल क्रमांक असतो. केस पेपरवर डॉक्टरांच्या अक्षरात तक्रार आणि निदान लिहिलेले असते. दाखल रुग्णांच्या फाइली वर्षवार गठ्ठे बांधून कपाटात ठेवलेल्या असतात, आणि रक्ता-लघवीचे रिपोर्ट अलीकडे प्रयोगशाळेकडून थेट दवाखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात. या सगळ्या माहितीबाबत दवाखान्यावर दोन जबाबदाऱ्या आहेत : ज्याची माहिती आहे त्याने मागितल्यावर ती विनाविलंब देणे, आणि इतर कोणी मागितल्यास न देणे. रुग्णांचे असे अर्ज लिहून देण्याच्या कामात मला वारंवार आढळले आहे, की बहुतेक ठिकाणी नेमके उलटे घडते. रुग्णाला ‘नंतर या’ सांगितले जाते, आणि त्याच्या चुलतभावाला मात्र केवळ ओळखीवर फाइल दाखवली जाते. लेखी अर्जाची पद्धत नीट पाळली, तर या दोन्ही चुका टळतात.

हक्क कोठून येतो

अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे व्यावसायिक आचरणविषयक विनियम लागू आहेत. त्यांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्याच्या तारखेपासून ३ वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे. रुग्णाने, त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने किंवा संबंधित कायदेशीर यंत्रणेने ती मागितल्यास मागणीची पोच देऊन ७२ तासांच्या आत कागदपत्रे द्यावी लागतात. हे न करणे म्हणजे याच विनियमांखाली व्यावसायिक गैरवर्तन ठरते. या परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे विनियम काढले होते, परंतु त्याच महिन्यात ते स्थगित झाल्यामुळे २००२ चेच विनियम पुढे चालू राहिले. त्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की गोपनीयतेचे कारण पुढे करून रुग्णालयाला रुग्णाचीच कागदपत्रे त्याच्यापासून अडवून ठेवता येत नाहीत. फार तर प्रती काढण्याचा खर्च घेता येतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेतही दाखल असताना शक्यतो २४ तासांत आणि घरी सोडल्यानंतर ७२ तासांत प्रती मिळाव्यात, असे म्हटले आहे.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. ३ वर्षांचे बंधन दाखल रुग्णांच्या कागदपत्रांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात तपासून घेतलेल्या रुग्णाचा केस पेपर पुष्कळ दवाखान्यांत त्यालाच देऊन टाकतात आणि दवाखान्याकडे रजिस्टरातल्या एका ओळीपलीकडे काही उरत नाही. म्हणून ओपीडीचा कागद स्वतः सांभाळावा, आणि दाखल असतानाच्या कागदांसाठीचा अर्ज ३ वर्षे संपण्याची वाट न पाहता, शक्य तर घरी सोडल्यावर लगेचच द्यावा.

अर्ज कोण करू शकतो

१८ वर्षे पूर्ण झालेल्या रुग्णाने स्वतः अर्ज केला, तर त्याला कारण विचारण्याची गरज नाही. स्वतःची कागदपत्रे हवी आहेत एवढे पुरेसे आहे. लहान मुलासाठी आई, वडील किंवा कायदेशीर पालक अर्ज करतात. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल, तर त्याने सही किंवा अंगठा केलेले अधिकारपत्र घेऊन दुसरी व्यक्ती येऊ शकते. रुग्ण मृत झाला असेल, तर कायदेशीर वारसाने अर्ज करावा.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो नवरा-बायकोच्या बाबतीत. एकाच रेशनकार्डावर नाव असले, बिल ज्याने भरले तो समोर उभा असला, तरी सज्ञान पत्नीची कागदपत्रे तिच्या लेखी संमतीविना पतीला देता येत नाहीत, आणि पतीची पत्नीलाही नाहीत. सासू, दीर, मेहुणा यांचा तर प्रश्नच येत नाही. एका महिलेचा अर्ज लिहायला बसले असताना मला कळले, की तिची फाइल आधीच घरी पोहोचली होती. दिराने काउंटरवर जाऊन ‘वहिनीचे कागद द्या, मेडिक्लेमला लागतात’ एवढेच म्हटले होते आणि तिथल्या मुलीने संपूर्ण फाइल हातात ठेवली होती. त्या फाइलमध्ये पूर्वेतिहासाच्या रकान्यात लग्नाआधीच्या एका उपचाराची नोंद होती. डॉक्टरांना विश्वासाने सांगितलेली ती एक ओळ घरातल्या चार माणसांनी वाचली. त्या मुलीच्या मनात काहीही वाईट नव्हते. पण कोण मागते आहे आणि कोणत्या अधिकाराने, हे विचारायचे असते, हेच तिला कोणी शिकवलेले नव्हते.

गर्भपाताच्या नोंदींबाबत कायदा याहून कडक आहे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी पतीची संमती लागत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार तिचे नाव किंवा तपशील कायद्याने अधिकार नसलेल्या व्यक्तीला उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीच्या निदानाला २०१७ च्या स्वतंत्र कायद्याचे आणि मानसिक आजाराच्या नोंदींना २०१७ च्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे संरक्षण आहे. कंपनी, मालक, शाळा किंवा लग्न जुळवताना चौकशीला आलेली मंडळी यांना रुग्णाच्या संमतीविना काहीही सांगायचे नसते, फोनवर तर नाहीच. विमा कंपनीच्या तपासनिसानेही रुग्णाची सही असलेले संमतिपत्र दाखवले पाहिजे.

सोबत काय जोडावे

रुग्णाने स्वतः अर्ज केल्यास अर्ज आणि ओळखपत्राची एक प्रत पुरते. आधार देणार असाल तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे, आणि कोणत्याही ओळखपत्राच्या झेरॉक्सवर ‘फक्त केस पेपरच्या प्रतींसाठी’ असे आडवे लिहून तारीख घालावी. डिस्चार्ज कार्ड किंवा बिलाची पावती असल्यास तिची प्रत जोडावी, कारण त्यावरच्या क्रमांकावरून फाइल पटकन सापडते. प्रतिनिधी येणार असल्यास अधिकारपत्र आणि दोघांचीही ओळखपत्रे लागतात. मुलासाठी जन्मदाखला, आणि मृत रुग्णासाठी मृत्यूचा दाखला व नाते दाखवणारा पुरावा जोडावा.

बाळंतपणाच्या फाइलींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. पहिले बाळंतपण माहेरी झालेले असेल, तर रजिस्टरात नाव कधी माहेरचे असते, कधी सासरचे, आणि कधी माहेरचे आडनाव लावून नवऱ्याचे नाव असे मिश्रही असते. अर्जात दोन्ही नावे लिहावीत आणि विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडावी. नाहीतर ‘या नावाची फाइलच नाही’ असे उत्तर मिळते आणि ते खोटेही नसते.

अर्जाचा मजकूर साधा असावा. उदाहरणार्थ : ‘मी आपल्या रुग्णालयात दिनांक अमुक ते अमुक या काळात दाखल होतो / होते. आंतररुग्ण क्रमांक अमुक. मला माझ्या संपूर्ण आंतररुग्ण कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. त्यांत केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, संमतिपत्रे, शस्त्रक्रियेच्या व भुलीच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल यांचा समावेश असावा. प्रतींचा खर्च मी देईन.’ नुसते ‘माझे पेपर द्यावेत’ असे लिहिले की बहुधा डिस्चार्ज कार्डाची एक झेरॉक्स हातात पडते, म्हणून यादी लिहिणे महत्त्वाचे आहे. अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख व वेळ घ्यावी, कारण ७२ तास मोजायचे तर सुरुवात कागदावर हवी. पोच देण्यास नकार मिळाला तर तोच अर्ज पोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टने पाठवावा. बिल थकले आहे म्हणून प्रती अडवल्या जातात, तेव्हा नम्रपणे दाखवून द्यावे की ७२ तासांच्या नियमात थकबाकीचा अपवाद नाही; बिलाची वसुली हा वेगळा विषय आहे.

अर्ज आल्यावर दवाखान्याने काय करावे

लहान दवाखान्यात यासाठी स्वतंत्र माणूस नसतो, आणि त्याची गरजही नाही. एक वेगळी वही ठेवावी. तिच्यात अर्जाची तारीख, अर्जदाराचे नाव व रुग्णाशी नाते, पाहिलेले ओळखपत्र, दिलेल्या पानांची संख्या आणि घेणाऱ्याची सही एवढे रकाने असावेत. मूळ फाइल बाहेर जाऊ देऊ नये. प्रती काढण्यासाठी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवायची असेल, तर दवाखान्याचा माणूस सोबत उभा राहिला पाहिजे. प्रत्येक पानावर क्रमांक आणि शिक्का घालून प्रती बंद लिफाफ्यात द्याव्यात.

रिसेप्शनवरच्या सवयी यापेक्षाही जास्त महत्त्वाच्या आहेत, असे माझे मत आहे. बाकड्यावर वीस माणसे बसलेली असताना ‘पाळी चुकलेल्या ताई कोण?’ असे पुकारणे, रजिस्टर वाचता येईल असे उघडे ठेवणे, रिपोर्टचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणे, हे सगळे गोपनीयतेचा भंगच आहे. पुकारताना नावाऐवजी नंबर घ्यावा. रिपोर्ट पाठवायचा तर रुग्णाने स्वतः दिलेल्या क्रमांकावरच पाठवावा, आणि तो क्रमांक कोणाचा आहे हे केस पेपर काढतानाच विचारून घ्यावे, कारण खेड्यात पुष्कळदा घरातला एकच मोबाइल सर्वांच्या नावावर लिहिलेला असतो. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यास २००२ चे विनियमही मनाई करतात.

नोंदीत चूक असेल, उदाहरणार्थ वय किंवा रक्तगट चुकीचा असेल, तर रुग्ण दुरुस्तीचा अर्ज करू शकतो. दुरुस्ती करताना जुना मजकूर खोडून काळा करू नये. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा मजकूर, सही आणि तारीख लिहावी.

संमतीविना माहिती कधी द्यावी लागते

हे अपवाद मोजके आहेत. न्यायालयाचा आदेश असेल, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल, किंवा आजार कळवणे सक्तीचे असेल, तर डॉक्टरांना गोपनीयता बाजूला ठेवावी लागते. क्षयरोग २०१२ पासून खासगी डॉक्टरांनीही शासनाला कळवणे बंधनकारक आहे, आणि ती नोंद ‘निक्षय’ या प्रणालीवर होते. जन्म आणि मृत्यू निबंधकाला कळवावे लागतात. अठरा वर्षांखालील मुला-मुलींवरील लैंगिक अत्याचार पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवावा लागतो. मात्र अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या बाबतीत तिने आणि पालकांनी विनंती केल्यास कळवताना तिचे नाव व ओळख देण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितले आहे. पोलीस तपासासाठी आले तर त्यांच्याकडून लेखी पत्र घ्यावे आणि पत्रात मागितले आहे तेवढेच द्यावे.

संगणकातील माहिती

केस पेपर संगणकावर असतील किंवा कागद स्कॅन केले असतील, तर त्यांना २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदाही लागू होतो. निव्वळ कागदावरची वही त्याच्या कक्षेत येत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून दवाखान्यांवरची मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. त्यानंतर आपली कोणती माहिती साठवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि तक्रार करण्याचा हक्क रुग्णाला थेट कायद्याने मिळेल, आणि सुरक्षिततेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कायद्याने जपून ठेवायची कागदपत्रे मात्र रुग्णाने सांगितले म्हणून मुदतीआधी पुसून टाकता येणार नाहीत. डिजिटल आरोग्य नोंदींसाठीचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक घेणे ऐच्छिक आहे. तो नसल्याच्या कारणावरून उपचार नाकारता येत नाहीत.

७२ तासांत प्रती न मिळाल्यास

प्रथम पोच असलेल्या अर्जाचा संदर्भ देऊन एक स्मरणपत्र द्यावे. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रकरणे तिथेच सुटतात. न सुटल्यास अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या राज्य परिषदा स्वतंत्र आहेत, त्यामुळे तक्रारीआधी पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक टिपून घ्यावा. खाटा असलेले नर्सिंग होम महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ खाली नोंदवलेले असते. त्याचे २०२१ चे सुधारित नियम रुग्ण हक्कांची सनद लावण्यास सांगतात, आणि नोंदणी देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे महापालिका हद्दीत तिच्या आरोग्य विभागाकडे व इतरत्र जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे, दाद मागता येते. पैसे देऊन उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी २ वर्षांची मुदत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय असेल, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून स्वतःची कागदपत्रे मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित आहे.

प्रती हातात आल्यावर काउंटर सोडण्याआधी पाने मोजावीत, अर्जातल्या यादीशी ताडून पाहावीत, आणि जे कागद नसतील त्यांची नावे वहीत सहीच्या शेजारी लिहून मगच सही करावी.