बर्गे घातलेल्या नदीत पाणी असतं, प्रवाह नसतो

उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच दिसला की पहिला संशय कुणी विष टाकल्याचा. कधी तो खराही निघतो. पण मासे पहाटे मेले, त्याआधी पाण्यावर येऊन तोंड वासत होते आणि मरळ तेवढी तगली, तर आधी ऑक्सिजन मोजा. मरळ हवेतूनही श्वास घेते.

पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बर्गे बसतात. खांबांच्या खाचांत फळ्यांच्या दोन ओळी, मध्ये माती. नदी भरलेली दिसते, पण थांबलेली असते. २० अंश सेल्सिअसच्या लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच तो ओढतं. त्यामुळे नीचांक पहाटेचा, आणि दुपारी घेतलेला नमुना ‘ठीक’ निघतो. वर केंदाळ (जलपर्णी) दाटलं तर हवेतूनही भरपाई होत नाही. तळाशी मैला कुजत असतो. सगळे बर्गे एकदम उपसले की ते काळं पाणी खालच्या डोहात घुसतं. वरून एकेक काढले तर पाणी फळीवरून पडताना हवा घेतं. जिवाणूंचं कल्चर ओतून नदी शुद्ध करणाऱ्यांनी हेही सांगावं की ते जिवाणू मैला खाताना ऑक्सिजनच वापरतात.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात सांडपाण्याचे निकष ठरवताना कोरड्या दिवसांत नदीत मिसळायला किमान किती पाणी असतं ते धरायला सांगितलंय. बीओडी म्हणजे लिटरभर पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन, मिलिग्रॅममध्ये. ३० बीओडीचं एक भाग सांडपाणी २ बीओडीच्या नऊ भाग पाण्यात मिसळलं तर मिश्रणाचा बीओडी ४.८ येतो. एकाच भागात मिसळलं तर १६. प्रवाहच शून्य असेल तर ३० चे ३०.

गंगेसाठी २०१८ मध्ये केंद्राने आकडाच बांधून दिला: हरिद्वारच्या भीमगोडा बॅरेजखाली ऑक्टोबर ते मे सेकंदाला ३६ घनमीटर, जून ते सप्टेंबर ५७. पंचगंगेलाही असाच आकडा हवा, आणि तो बंधाऱ्यामागच्या पाण्याच्या उंचीत नको, बंधाऱ्याखालच्या प्रवाहात हवा. शिवाय उपसाबंदीच्या तारखा त्याला जोडायला हव्यात. नाहीतर राधानगरी धरणातून माशांसाठी सोडलेलं पाणी वाटेतल्या मोटारीच ओढून घेतील.