श्रावणबाळाच्या नावाची योजना आणि कावड वाहणारे खांदे

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर माकडहाडापाशी जखमा होतात. हे काम बहुतेक घरांत सून किंवा मुलगी करते. वृद्धांविषयीचे कायदे आणि योजना चाळताना मात्र ती क्वचितच भेटते.

म्हाताऱ्या आईवडिलांचा निर्वाह ही मुलांची कायदेशीर जबाबदारी असल्याचे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने आणि पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ने सांगितले होतेच. परंतु कोर्टाच्या पायऱ्या त्या वयात झेपत नसल्याने २००७ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो, वकील देता येत नाही आणि दरमहा जास्तीत जास्त १०,००० रुपये निर्वाहभत्ता मिळू शकतो. या कायद्यातील ‘मुले’ या शब्दात मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष भरवणारी, अंघोळ घालणारी बाई ना जबाबदार धरली गेली, ना मदतीस पात्र ठरली.

राज्याची वाट तशी निराधारांपासून सुरू झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजनेपाठोपाठ पासष्टी ओलांडलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली, जिची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. गंमत अशी की नाव कावड वाहणाऱ्याचे, पैसे कावडीत बसलेल्यांचे. ते पैसे मिळायलाच हवेत, याबद्दल वाद नाही. पण खांदा देणाऱ्याचा विचार तिथे संपतो. २०१३ मध्ये राज्याने ज्येष्ठ नागरिक धोरण जाहीर केले, २०१८ मध्ये ते सुधारले, आणि २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये देण्याचे ठरले. खुर्ची येते, ती रोज धुणारीला पर्यायी माणूस किंवा आठवड्यातून एक मोकळी दुपार यात कुठे बसत नाही.

केरळने निराळी वाट धरली. तिथल्या ‘आश्वासकिरणम’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ देखभाल करणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. रक्कम तुटपुंजी आहे, महिन्याचे डायपरही तेवढ्यात येत नाहीत. पण ती रुग्णासाठी नसून त्याला सांभाळणाऱ्यासाठी आहे.